तिखट रक्तात असते का? मिरचीचा पाचशे वर्षांचा इतिहास

१/ कोल्हापूरचा तांबडा रस्सा असो वा नागपूरची सावजी भाजी, ‘तिखट आमच्या रक्तातच आहे’ असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु १४९२ पूर्वी अमेरिका खंडांबाहेर मिरची कोणीही चाखलेली नव्हती. भारतात नाही, थायलंडमध्ये नाही आणि कोरियातही नाही.

२/ मेक्सिकोत मात्र ती हजारो वर्षांपासून खाल्ली जात होती. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपात पोहोचली व सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून भारतात आली. तत्पूर्वी येथील तिखटपणा मिरी, पिंपळी आणि सुंठीचा होता. ‘मिरची’ हे नावही मिरीच्याच कुळातले. नव्या पाहुणीला जुन्या मसाल्याची ओळख मिळाली.

३/ हीच मिरची तुर्कांच्या काळात हंगेरीत रुजली, पण तिची वाट वेगळी ठरली. मिरचीचा जहालपणा मुख्यतः आतील पांढऱ्या शिरांत असतो. एकोणिसाव्या शतकात सेगेद येथे शिरा व बिया काढून सौम्य पूड दळली जाऊ लागली. पुढे गोड वाणही निवडले गेले. वनस्पती एकच, एका समाजाने तिची आग जपली, दुसऱ्याने रंग आणि सुगंध.

४/ मग सोसण्याची शक्ती कुठून येते? तिखट ही चव नव्हे, ती वेदना आहे. सुमारे ४३ अंशांहून अधिक उष्णतेची सूचना देणारा मज्जातंतूंमधील ग्राहकच मिरचीतील कॅप्सेसिनमुळे जागा होतो. १९९७ मध्ये हा ग्राहक ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. तो ग्राहक हंगेरियन जिभेवरही असतो आणि कोल्हापुरी जिभेवरही.

५/ मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतील एका खेड्यात पाहिले, की लहान मुलांना मिरची आवडत नसे. घरातील मोठ्यांना ती आवडीने खाताना पाहत, थोडी थोडी चाखत ती रुची घडे. त्याच खेड्यातील कुत्री व डुकरे रोज मिरची मिसळलेले उष्टे खात. तरी त्यांना तिची गोडी लागलेली आढळली नाही.

६/ व्यक्तीव्यक्तींच्या सहनशक्तीत जन्मजात फरक असतातच. परंतु समाजासमाजांतील अंतर प्रामुख्याने ताटावर घडते. म्हणून तिखट न सोसणाऱ्याला ‘नाजूक’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. त्याला हसणाऱ्याच्याही ताटात लहानपणी आधी वरणभातच वाढला गेला होता.