लिनक्समधील ड्रायव्हर-भरणीचा इतिहास

जुन्या लिनक्समध्ये साध्या नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर-मॉड्यूलही बहुधा हातानेच लोड करावे लागे. १९९६ च्या २.० कर्नलबरोबर ‘कर्नलडी’ हा मदतनीस आला. १९९९ मध्ये, २.२ कर्नलपासून, त्याची जागा ‘केमॉड’ने घेतली. दोघेही मागणी आली तरच हलत. चालू यंत्राला यूएसबी उपकरणे जोडली जाऊ लागली आणि ही रीत अपुरी पडली. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे ‘यूडेव्ह’ आले व पुढे मॉड्यूल चढवण्याचे काम त्याच्याकडे गेले. जोडलेले उपकरण आपल्या उत्पादकाचा आणि नमुन्याचा क्रमांक सांगते; त्यावरून ‘मॉडप्रोब’ हे ‘डेपमॉड’ने बनवलेल्या यादीतून जुळणारे मॉड्यूल उचलते. ड्रायव्हर चढला नाही, तर लोक उगाच सगळी प्रणाली पुन्हा बसवतात. खरे तर आधी कर्नलची नोंदवही वाचावी: फर्मवेअरची फाइल नसते, मॉड्यूल वर्ज्य यादीत असते किंवा नव्या कर्नलसाठी ‘डेपमॉड’ चालवायचे राहिलेले असते.