मधुमेह ‘होता’

माझ्या भाचीच्या बाळंतपणाच्या फाइलीत एक ओळ होती : ‘मधुमेह – पूर्वी होता.’ वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिची साखर उतरली, गोळ्या सुटल्या आणि दीड वर्षाने तिला दिवस गेले. त्या ‘होता’पाशी मी अडखळले आणि जुने शोधनिबंध चाळू लागले.

१९६४ साली बोस्टनमध्ये जॉन ओ’सलिव्हन आणि क्लेअर मॅहन यांनी गर्भवतींना ग्लुकोजचे पाणी पाजून रक्तशर्करेचे निकष बांधले. गंमत म्हणजे त्यांचा प्रश्न बाळाविषयी नव्हताच. यांपैकी कोणत्या बाईला पुढे मधुमेह होईल, एवढाच होता. दोनच वर्षांनी आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बराचसा भाग वगळून अन्न सरळ लहान आतड्यात सोडण्याची शस्त्रक्रिया केली, तीही केवळ वजनासाठी. १९९५ साली वॉल्टर पोरीस यांनी नॉर्थ कॅरोलिनातला अनुभव मांडला : शस्त्रक्रियेआधी मधुमेह असलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांची साखर ताळ्यावर आली होती.

बोस्टनचे ते पाणी आयोवाच्या जठरात मात्र चालत नाही. गोड द्रव एकदम आतड्यात उतरतो, साखर झपाट्याने चढते आणि तितक्याच वेगाने कोसळते. घाम, धडधड, चक्कर. येणारा आकडा फसवा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही गरोदरपणात आणि रक्तक्षयात भरवशाची राहत नाही. म्हणून अशा बाईला काही दिवस घरीच, जेवणाआधी आणि नंतर, बोट टोचून साखर पाहायला सांगतात.

फायदा खराच आहे. २०१५च्या स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांत गरोदरपणातला मधुमेह १.९ टक्के, तर तितक्याच स्थूल पण शस्त्रक्रिया न झालेल्यांत ६.८ टक्के आढळला. अतिवजनी बाळे कमी झाली. पण अपेक्षेपेक्षा लहान बाळांचे प्रमाण ७.६वरून १५.६ टक्क्यांवर गेले.

हा दुसरा आकडा मला जास्त बोचतो, कारण लहान बाळांचा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला निम्म्याहून अधिक गर्भवतींत बी-१२ कमी आढळले, आणि बाळे वजनाने हलकी असूनही त्यांच्या अंगी चरबी टिकून होती. या शस्त्रक्रियेनंतर बी-१२ आणखीच कमी शोषले जाते. आमचे घर शाकाहारी.

भाचीने आठवडाभर बोटे टोचली. दुपारच्या जेवणानंतरचे आकडे दोनदा चढे निघाले. बी-१२ची इंजेक्शने तर आधीपासून चालूच होती.