लोकशाही व्हाउचर (सिअ‍ॅटल)

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटल शहराची निवडणूक-निधी योजना. नगर परिषद, महापौर व शहर वकील या पदांच्या उमेदवारांना प्रचाराचा पैसा मूठभर बड्या देणगीदारांऐवजी सामान्य रहिवाशांकडून मिळावा, यासाठी शहर पात्र रहिवाशांना प्रत्येकी २५ डॉलरची चार व्हाउचरे देते. नोव्हेंबर २०१५ मध्ये मतदारांनी जनप्रस्ताव १२२ सुमारे ६३ टक्के मतांनी मंजूर केला. २०१७ मध्ये व्हाउचरे प्रथम वापरात आली. अशी योजना अमलात आणणारे हे अमेरिकेतील पहिले शहर.

त्याआधी शहराने जमलेल्या देणग्यांना सरकारी पैशाची जोड देऊन पाहिली होती, पण १९९२ च्या राज्यव्यापी जनप्रस्तावाने ती वाट बंद केली. २००८ मध्ये राज्याने स्थानिक संस्थांना पुन्हा मुभा दिली. २०१३ मध्ये जोड-अनुदानाचा प्रस्ताव थोडक्यात पडला.

निवडणुकीच्या वर्षी नोंदणीकृत मतदाराच्या घरी व्हाउचरे टपालाने येतात. आवडत्या उमेदवाराचे नाव लिहून, सही करून ती परत धाडायची. उमेदवार आपल्या प्रभागातलाच हवा असे नाही. सही पडताळली गेली की शहराचा नीती व निवडणूक आयोग पैसे थेट प्रचार खात्यात भरतो. व्हाउचर वटवून रोख मिळत नाही आणि ते विकणे गुन्हा आहे. मतदानाचा हक्क नसलेला ग्रीन कार्डधारकही अर्ज करून व्हाउचरे मिळवू शकतो. संगणक क्षेत्रातल्या नोकरीसाठी तिथे स्थिरावलेल्या मराठी माणसाला ही सोय आहे. एच-१बी व्हिसावर असलेल्याला मात्र नाही. खर्चासाठी मालमत्ता करातून दहा वर्षे दरसाल ३० लाख डॉलर काढले गेले.

उमेदवाराला हा पैसा आयता मिळत नाही. परिषदेच्या शहरव्यापी जागेसाठी आधी ४०० रहिवाशांच्या सह्या आणि किमान १० डॉलरच्या तितक्याच देणग्या गोळा कराव्या लागत. शिवाय जाहीर वादसभांना हजर राहणे, लहान देणग्यांवर भागवणे आणि खर्चाची मर्यादा पाळणे आले. ही मर्यादा ऐच्छिक आहे, कारण बक्ली विरुद्ध व्हॅलेओ (१९७६) या निकालाने अमेरिकेत सक्तीची खर्चमर्यादा घटनाबाह्य ठरवली. सरकारी निधीची अट म्हणून ती चालते. महाराष्ट्रातील महापालिका निवडणुकांत नेमके उलट आहे : मर्यादा बंधनकारक, सरकारी प्रचारनिधी मात्र शून्य.

आपल्या करातून दुसऱ्याच्या प्रचाराला पैसा जातो, अशी तक्रार घेऊन दोन मालमत्ताधारक न्यायालयात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एकमताने योजना वैध ठरवली.

योजनेचे खरे दुखणे निराळे आहे. व्हाउचर उमेदवाराच्या खात्याला शिस्त लावते. बाहेरून स्वतंत्रपणे प्रचार करणाऱ्या गटांना ते हात लावू शकत नाही. २०१९ मध्ये परिषदेच्या सात जागांसाठी अ‍ॅमेझॉनने व्यापारी मंडळाच्या प्रचार समितीला सुमारे १५ लाख डॉलर दिले. असा बाहेरचा पैसा ओतला गेला की उमेदवाराला खर्चमर्यादेतून सूट मागता येते, आणि त्या वर्षी अनेक उमेदवारांनी ती घेतली. एवढा पैसा ओतूनही समितीने पाठिंबा दिलेल्या सातपैकी दोनच उमेदवार निवडून आले. अ‍ॅमेझॉनशी उघड वैर घेतलेल्या, पुण्यात जन्मलेल्या उमेदवार क्षमा सावंतही जिंकल्या. पण त्यांनी व्हाउचरे घेतलीच नव्हती, म्हणून तो विजय योजनेच्या खात्यावर मांडता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये परिषदेने परदेशी मालकीचा ठरावीक हिस्सा असलेल्या कंपन्यांना अशा खर्चास मनाई केली.

देणगीदारांची संख्या वाढली आणि पूर्वी कधी देणगी न दिलेले लोक त्यात आले, हे योजनेचे निर्विवाद यश. तरी बहुतेक व्हाउचरे न वापरताच पडून राहतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मतदारांनी योजनेला आणखी दहा वर्षांची मुदत दिली आणि तिचा दहा वर्षांचा एकूण कर ३ कोटींवरून साडेचार कोटी डॉलर केला.