पाना आणि पेच : एका सामंजस्याचा इतिहास

रविवारी सकाळी घरासमोर गाडी उभी करून एखादा गृहस्थ बॅटरीचा नट किंवा इंजिनावरचे झाकण सोडवीत बसला आहे, हे दृश्य भारतातील कोणत्याही शहरात दिसते. हत्यारांच्या डब्यातून तो अंदाजाने एक पाना उचलतो. पाना किंचित सैल असतो. परंतु काम दोन मिनिटांचे आहे, असे म्हणून तो जोर लावतो. पाना निसटतो, बोटे सोलतात, आणि नटाचे सहा कोपरे गोल होऊन बसतात. दोन मिनिटांचे काम मग मिस्त्रीकडे जाते. गृहस्थ कधी नटाला दोष देतो, कधी स्वतःच्या हाताला. वस्तुतः त्या चुकीचे मूळ पुष्कळदा शंभर-सव्वाशे वर्षे मागे आणि हजारो मैल दूर असते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नट आणि बोल्ट यांची जोडी विवाहितांसारखी असे. एका कारखान्यातील बोल्टाला दुसऱ्या कारखान्यातील नट बसत नसे. कित्येकदा एकाच कारखान्यातील दोन कारागिरांचे आटेही जुळत नसत. लंडनमधील हेन्री मॉड्स्ली याने १८०० च्या सुमारास आटे पाडणारे अचूक लेथयंत्र सिद्ध केले आणि निदान आपल्या कारखान्यापुरती शिस्त आणली. त्याच्याच हाताखाली तयार झालेला एक तरुण, जोसेफ व्हिटवर्थ, पुढे मँचेस्टरला आपला कारखाना चालवू लागला. १८४१ साली त्याने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध मांडला. साऱ्या देशाने एकच प्रकारचे आटे वापरावेत, एवढेच त्याचे म्हणणे होते.

व्हिटवर्थची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या कारखान्याचे माप सर्वांवर लादण्याचा आग्रह त्याने धरला नाही. निरनिराळ्या कारखान्यांतील पेच त्याने गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांची सरासरी काढली. आट्यांच्या दोन उतारांमधील कोन ५५ अंशांचा ठरला. जाडीप्रमाणे इंचात किती आटे असावेत, याचे कोष्टक ठरले. कोणाचेच माप पूर्णतः स्वीकारले गेले नाही, म्हणून कोणालाच मोठा पराभव वाटला नाही. यामागे सरकारी हुकूम नव्हता. रेल्वे कंपन्यांनी आणि कारखान्यांनी सोय पाहून हे कोष्टक उचलले, आणि दोन दशकांत ते ब्रिटनचे राष्ट्रीय माप बनले.

तथापि एका देशाचे सामंजस्य दुसऱ्या देशाला मान्य होतेच असे नाही. १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे विल्यम सेलर्स याने अमेरिकेसाठी वेगळे आटे सुचविले. त्याचा कोन ६० अंशांचा आणि आट्यांचा माथा सपाट होता. व्हिटवर्थचे गोल माथ्याचे आटे पाडणे सामान्य कारागिराला अवघड जाते, आपले आटे सोप्या हत्याराने पडतात, असा त्याचा युक्तिवाद होता. १८९८ मध्ये झुरिच येथे युरोपीय अभियंत्यांनी मीटर पद्धतीचे आटे ठरविले. अशा रीतीने शतक संपताना जगात तीन कुळे नांदू लागली : इंग्लिश, अमेरिकन आणि मेट्रिक.

मापांचा मेळ नसला की काय किंमत मोजावी लागते, हे १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने पाहिले. शहराला आग लागली तेव्हा वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाहून बंब धावत आले. पण त्यांतील अनेकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. पाणी होते, माणसे होती, बंब होते. जोडणी तेवढी होत नव्हती. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या.

पुढे युद्धांनीही हाच धडा गिरविला. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी तोफा-बंदुका बनविण्यासाठी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे आली. युद्धानंतर तिचा कारखाना मोटारींची इंजिने करू लागला आणि १९२३ मध्ये तो मॉरिस मोटारीच्या मालकाकडे गेला. तेथील यंत्रे फ्रेंच असल्यामुळे आटे मेट्रिकच राहिले; परंतु इंग्लिश मिस्त्रीच्या हातातला पाना बसावा म्हणून बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थच्या मापाची ठेवली गेली. धड फ्रेंच आणि डोके इंग्लिश अशी ही संतती १९५० नंतरच्या काही वर्षांपर्यंत एम. जी. गाड्यांच्या इंजिनांत टिकून होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने ब्रिटनचे मर्लिन विमानइंजिन बनविण्यास घेतले, तेव्हा इंग्लिश आटे पाडण्याची हत्यारे तिला स्वतःच घडवावी लागली. अखेर १९४८ च्या नोव्हेंबरात ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टन येथे एक समान आटा मान्य केला. कोन ठरला ६० अंशांचा. म्हणजे व्हिटवर्थच्या मायदेशानेच त्याच्या ५५ अंशांना निरोप दिला.

या तिन्ही कुळांची भेट भारतातील गॅरेजांत झाली. ब्रिटनमधून आलेल्या यंत्रांबरोबर व्हिटवर्थची मापे आली, आणि आपल्या मिस्त्रींनी ती इंचाच्या आठव्या भागात, म्हणजे ‘सुता’त, बोलून आपलीशी केली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जीपगाड्यांची जोडणी सुरू झाली. तिचे नटबोल्ट अमेरिकन. कुर्ल्याच्या कारखान्यातील फिॲट इटालियन, म्हणून मेट्रिक. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली बुलेट मोटारसायकल इंग्लिश घराण्याची. ज्या मिस्त्रीकडे या तिन्ही गाड्या येत, त्याला तीन प्रकारचे पाने बाळगावे लागत. पुढे १९५६ च्या कायद्याने भारताने मेट्रिक वजनमापे स्वीकारली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. किलो आणि मीटर घरोघर रुळले. जुन्या गाड्यांच्या पोटातील इंच मात्र तसेच राहिले.

यातील खरी गोम पान्यावरील आकड्यात आहे. जुन्या व्हिटवर्थ पान्यावरील ‘पाव इंच’ हा आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टाच्या दांड्याच्या जाडीचा असतो. त्याचे तोंड प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून थोडे अधिक, सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. अमेरिकन पान्यावर मात्र तोंडाचीच रुंदी लिहिलेली असते. अर्ध्या इंचाचा अमेरिकन नट १२.७ मिलिमीटरचा, त्यावर १३ चा मेट्रिक पाना चढतो खरा, पण सैल बसतो. आरंभी वर्णिलेला गृहस्थ फसतो तो याच तीन दशांश मिलिमीटरांत.

मेट्रिक म्हटले म्हणजे सर्व एक झाले, असेही नाही. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला युरोपीय गाडीत बहुधा १३ चा पाना लागतो, तर जपानी गाडीत १२ चा. १० मिलिमीटरच्या बोल्टाला जुन्या जर्मन प्रथेने १७ चा आणि जपानी प्रथेने १४ चा. १९८३ मध्ये मारुती आणि १९८५ मध्ये हिरो होंडा रस्त्यावर आली, तेव्हा ८, १०, १२, १४, १७, १९ ही जपानी मालिका भारतीय घरात शिरली.

पेचांच्या डोक्याची कथाही अशीच आहे. सरळ खाचेचा स्क्रू जुना. त्यात ड्रायव्हर घसरतो. कॅनडातील पी. एल. रॉबर्टसन याने १९०८ च्या सुमारास चौकोनी खळगीचा स्क्रू काढला. तो उत्तम पकडत असे. पण हक्क दुसऱ्यांच्या हाती देण्यास तो फारसा राजी नव्हता, म्हणून त्याचा प्रसार मुख्यतः कॅनडापुरता राहिला. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स याने १९३६ मध्ये फुलीच्या स्क्रूचे एकस्व मिळविले आणि ते कारखानदारांना मुक्तहस्ते वापरू दिले. जनरल मोटर्सने त्याच सुमारास आपल्या कॅडिलॅक गाडीत हा स्क्रू घेतला, आणि फुली जगभर गेली. जपानने मात्र आपल्या प्रमाणात फुलीचा आकार किंचित बदलला. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. फिलिप्सचा ड्रायव्हर जपानी खळगीत तळापर्यंत बसत नाही, वर उचलला जातो आणि फुलीची वाटी करून टाकतो. जपानी मोटारसायकलच्या इंजिनावरील स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. ती त्याच्या कुळाची खूण होय.

तेव्हा घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याने दुकानातील सर्वांत मोठी पेटी पाहण्यापूर्वी आपल्या गाडीचे कूळ पाहावे. आजच्या बहुतेक गाड्यांना मेट्रिक गोट्यांचा एक मर्यादित संच पुरतो. त्यातही बारा कोपऱ्यांपेक्षा सहा कोपऱ्यांची गोटी नटाला अधिक घट्ट धरते. जुनी बुलेट असेल, तर व्हिटवर्थचे पाने वेगळे ठेवावेत. सरळ खाचेच्या ड्रायव्हरचे पाते खाचेच्या लांबीत आणि जाडीत पुरेपूर बसावे. फुलीचा ड्रायव्हर जपानी प्रमाणाचा घेतला, तर तो सहसा दोन्हींना चालतो. आणि जेथे पाना सैल वाटतो तेथे जोर न लावता थांबावे. कारण ती दोन मापांमधील न मिटलेल्या वादाची जागा असते.

तो वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. जगातील कोणत्याही मेट्रिक गोट्यांची पेटी उघडावी. गोट्यांवर मिलिमीटरचे आकडे कोरलेले असतात. पण त्या ज्या दांडीवर चढतात, तिचा चौकोन आजही पाव, तीन अष्टमांश किंवा अर्ध्या इंचाचाच असतो. ही एक गोष्ट सर्व देशांनी न भांडता मान्य केली, म्हणून जपानची गोटी जर्मनीच्या दांडीवर बसते. माप इंचाचे की मिलिमीटरचे, यापेक्षा ते सर्वांना मान्य आहे की नाही, हेच अखेर महत्त्वाचे ठरते.