एका चित्रपुस्तकाची धास्ती

गोष्ट ब्रिटनची. डेन्मार्कच्या सुसान बोशे यांनी १९८१ साली मुलांसाठी फोटोंचं पुस्तक केलं. १९८३ मध्ये ते इंग्रजीत आलं. पाच वर्षांची जेनी, तिचे बाबा आणि बाबांचा जोडीदार एरिक. त्यांचं घर, धुणीभांडी, वाढदिवस. बस्स, एवढंच!

१९८६ मध्ये लंडनच्या शिक्षक-केंद्रात त्याची प्रत असल्याचं कळताच पेपरांनी रान उठवलं. त्याच गदारोळात १९८८ साली थॅचर सरकारने कलम २८ आणलं. पालिकांनी समलैंगिकतेचा ‘प्रचार’ करायचा नाही. शिक्षा कुणालाच झाली नाही, पण मास्तर गप्प बसले. वर्गात चिडवल्या जाणाऱ्या पोराची बाजू मग कोण घेणार?

स्कॉटलंडमध्ये २००० ला, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ ला कलम गेलं. तोवर एक पिढी शाळा संपवून गेली होती. आणि रान उठवणारे आमच्याच पेशातले होते.