राज्यांसाठी मनुष्यबळ माहिती अनुदान (अमेरिका)

राज्यांसाठी मनुष्यबळ माहिती अनुदान ही अमेरिकेच्या संघीय श्रम विभागाची योजना आहे. राज्यात कोणते व्यवसाय वाढत आहेत, कोणते आटत आहेत, त्यांत वेतन किती मिळते, ही माहिती तयार करून लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी राज्यांना या योजनेतून दरवर्षी निधी मिळतो. श्रम विभागांतर्गत असलेले रोजगार व प्रशिक्षण प्रशासन ही योजना चालवते. ५० राज्यांखेरीज वॉशिंग्टन डी.सी., पोर्तो रिको, ग्वाम आणि यू.एस. व्हर्जिन आयलंड्स यांनाही हे अनुदान मिळते.

कायदेशीर आधार

महामंदीच्या काळात १९३३ साली वॅग्नर-पायझर कायदा संमत झाला आणि भारतातील सेवायोजन कार्यालयांशी साम्य असलेल्या सार्वजनिक रोजगार कार्यालयांचे जाळे उभे राहिले. १९९८ च्या मनुष्यबळ गुंतवणूक कायद्याने त्यातील कलम १५ मध्ये रोजगारविषयक आकडेवारीची तरतूद केली. २०१४ च्या मनुष्यबळ नवोपक्रम व संधी कायद्याने हे कलम विस्तारले. अनुदानाचा आधार हेच कलम होय.

निधीवाटप

योजनेची एकूण रक्कम अनेक वर्षे ३ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास राहिली आहे. ग्वाम व व्हर्जिन आयलंड्स यांच्यासाठी ठरावीक रक्कम राखून ठेवल्यावर उरलेल्या निधीपैकी ४० टक्के सर्वांना समान वाटला जातो, तर ६० टक्के नागरी श्रमशक्तीतील वाट्यानुसार दिला जातो. समान हिश्श्यापुरते विरळ वस्तीचे वायोमिंग आणि विशाल कॅलिफोर्निया एका पंक्तीत बसतात. राज्य लहान असले तरी अंदाज बांधण्याचे किमान काम तेवढेच असते, हे पाहता ही तजवीज रास्त म्हणावी लागेल.

कामाचे स्वरूप

रोजगार आणि वेतन यांची मूळ सर्वेक्षणे श्रम सांख्यिकी ब्युरो राज्यांशी स्वतंत्र करार करून घडवून आणतो. या अनुदानाचे काम त्यापुढे सुरू होते. सर्व राज्यांसाठी एकसारखी रचना असलेल्या माहितीकोशात आपली आकडेवारी भरणे, उद्योग व व्यवसायनिहाय रोजगाराचे दोन वर्षांचे आणि दहा वर्षांचे अंदाज तयार करणे आणि राज्याच्या अर्थस्थितीचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करणे, ही राज्यांची प्रमुख कर्तव्ये आहेत.

अंदाज वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. व्यवसायातील एकूण नोकऱ्यांची वाढ वेगळी आणि दरवर्षी रिकाम्या होणाऱ्या जागा वेगळ्या. दुकानांतील रोखपालांची संख्या ग्राहकांनीच पैसे भरण्याच्या यंत्रांमुळे घटत जाईल, असा राष्ट्रीय अंदाज आहे. तरीही निवृत्त होणारे आणि दुसऱ्या कामाकडे वळणारे इतके असतात, की तेथे दरवर्षी लाखो जागा निघतात. याउलट, टक्केवारीत झपाट्याने वाढणारा एखादा छोटा व्यवसाय प्रत्यक्षात मोजक्याच जागा देतो. नुसती टक्केवारी पाहून अभ्यासक्रम निवडणारा विद्यार्थी येथेच फसण्याचा संभव असतो.

उपयोग

कम्युनिटी महाविद्यालये नवे अभ्यासक्रम सुरू करताना, तर समुपदेशक बेरोजगारांना मार्गदर्शन करताना ही माहिती वापरतात. २०१४ च्या कायद्यानुसार बेरोजगारांच्या प्रशिक्षणावरील सरकारी खर्च मागणी असलेल्या व्यवसायांकडे वळवायचा असतो. त्यामुळे एखादा व्यवसाय मागणीच्या यादीत आहे की नाही, यावर एखाद्याचे शुल्क सरकार भरणार की नाही हे अवलंबून राहू शकते.

मर्यादा

दहा वर्षांचे अंदाज दीर्घकालीन प्रवाह दाखवतात, आकस्मिक आघात नव्हे. २०२० च्या कोविड महासाथीत काही आठवड्यांतच कोट्यवधी नोकऱ्या गेल्या. त्याची चाहूल आधीच्या तक्त्यांत नव्हती. लहान काउंट्यांत एखाद्या उद्योगाच्या एक-दोनच आस्थापना असतील, तर त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडे रोखून ठेवले जातात. परिणामी ग्रामीण भागातील तक्त्यांत रिकामे रकाने अधिक आढळतात. रक्कम जवळजवळ स्थिर राहिल्याने महागाईच्या मानाने तिचे मोलही घटत गेले आहे; विश्लेषकांचे वेतन मात्र याच निधीतून भागवावे लागते.