वर्धा खोरे कोळसाक्षेत्र

वर्धा खोरे कोळसाक्षेत्र : चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील दगडी कोळशाचा पट्टा. वर्धा नदीच्या दोन्ही अंगांनी वरोरा, माजरी, भद्रावती, वणी, घुग्घूस, चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा असा तो दक्षिणेकडे उतरतो. कोळसा गोंडवनी संघाच्या बराकार थरांतला. राख जास्त आणि कोकसाठी निरुपयोगी, म्हणून तो मुख्यतः वीज केंद्रांत व सिमेंटच्या भट्ट्यांत जातो. उघड्यावर पडला की आपोआप तापायची त्याला खोड आहे. काडी न लावता ढीग धुमसू लागतो, आणि त्यावर टँकरने पाणी मारत राहावे लागते.

वरोऱ्याची खाण 1870 च्या दशकात सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला. 1906 मध्ये ती बंद पडली, तोवर बल्लारपूरला काम लागले होते. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर 1975 मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. स्थानिक बोलण्यात ती ‘वेकोलि’. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र (2920 मेगावॅट) हे महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीचे सर्वांत मोठे. खाणींनी माणसेही आणली. बल्लारपूरच्या बाजारात मराठीइतकीच तेलुगू आणि हिंदी ऐकू येते.

खाणींसाठी जमीन जाते ती बहुधा 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली. दोन एकरांमागे एक नोकरी, हा हिशेब गावोगावी तोंडपाठ आहे. सव्वा एकरवाला चुलतभावाचा पाऊण एकर जोडून घेतो, मग नोकरी कोणाच्या पोराला यावरून घर फुटते. मोबदल्याच्या कागदात ही भांडणे धरलेली नसतात. शेत गेले की उरते ती ‘ओबी’, म्हणजे कोळशावरून उपसलेली माती-दगड. तिचे ढिगारे सपाट मुलखात टेकड्यांसारखे दिसतात. चंद्रपूरजवळ ते थेट इरई नदीच्या काठाशी आले आहेत. पावसात माती नदीत उतरते आणि पात्र उथळ होते. पूर आला की शहरात पहिले बोट या ढिगाऱ्यांकडेच दाखवले जाते.

भूमिगत खाणींचा हिशेब उशिरा निघतो. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घूसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुनी खाण होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये काढलेल्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथे आले. पाठोपाठ नव्या उद्योगांवर काही काळ बंदी आली. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या लोहारा कोळसापट्ट्याचा प्रस्ताव त्याच सुमारास जनविरोधापुढे बारगळला. पण वाघ जंगलाची हद्द पाळत नाही. ओबीवर माजलेल्या विलायती बाभळीत वाघ-बिबटे दडतात, आणि दुर्गापूरच्या वसाहतीत अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर सोडत नाहीत.

पट्ट्याच्या पूर्वेस, गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेकाठी मार्कंडा हे शिवमंदिरांचे क्षेत्र आहे. कोळसा या बाजूला आला नाही. मात्र सूरजागडच्या लोहखनिजावर चालणारा कारखाना याच तालुक्यात कोनसरीला उभा राहिला. कोळसापट्ट्याचे पाणीही शेवटी वैनगंगेकडेच येते: इरई वर्धेत मिसळते. मार्कंड्याच्या खाली, चपराळ्याजवळ, वर्धा वैनगंगेला मिळते आणि तिथून पुढे नदीचे नाव प्राणहिता.